पाणी पिवळं हवं होतं

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, आणि ते पाहून केमिस्टबाई घाबरली.

कारखान्याचं पाणी पाइपातून जिथे नाल्यात पडतं तिथून तिने ती बाटली आत्ताच भरून आणली होती. खिडकीकडे धरली, हलवली, मागे कोरा कागद धरून पाहिली. पिवळेपणाचा मागमूस नाही. बाहेर आवारात शिपाई दुपारच्या समारंभासाठी मांडलेल्या खुर्च्या पुसत होता. त्याने खिडकीतून तिचा चेहरा पाहिला आणि त्याला वाटलं, बाईंना आनंदाने काही सुचेनासं झालंय.

“बघताय काय बाई, आपलंच पाणी आहे,” तो म्हणाला. “तुम्ही रजेवर गेलात आणि कारखान्याचं नशीब उघडलं. आता वरचेवर जात जा रजेवर.”

“कधीपासून येतंय असं?”

“तुम्ही गेलात आणि लगेच की. तुमच्या जागी आलाय तो बदलीवाला सगळ्यांना सांगत फिरतोय, माझा पायगुण म्हणून.”

लेकीच्या बाळंतपणासाठी ती रजेवर गेली होती. काल संध्याकाळी परतली, पिशव्या अजून उघडल्याही नव्हत्या, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. धाकटीची नाल्याकाठी लॉन्ड्री होती. धाकटी फोनवर एरवी भांडायलाच यायची. काल मात्र आवाजात साखर. म्हणाली, ताई, तुझ्या कारखान्याने अखेर लाज राखली बाई. पाणी कसं आरशासारखं आलंय. आता टँकरवाल्याच्या नाकदुऱ्या काढायला नकोत. बाईला वाटलं, झालं, साहेबांनी रंग शोषणारी ती कोळशाची टाकी भरली एकदाची. त्या आनंदात रात्री झोपही छान लागली. पण सकाळपासून आवारात कोळशाचा एक कणही कुठे दिसला नव्हता.

आता ती बाटली हातात घेऊनच कोळशाच्या टाकीकडे गेली. झाकण सरकवलं. आत कोळसा नव्हता. कधीच नव्हता. तळाला पोत्याचा तुकडा पसरून एक मांजर झोपलं होतं. त्याने एक डोळा उघडून बाईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

बाईची भीती कळायची तर हा कारखाना काय करतो ते आधी कळलं पाहिजे. हा कारखाना काही बनवत नाही, मोडतो. पूर्वी शेतात फवारायचं एक जालीम औषध होतं. किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालायचं, आणि फवारणाऱ्याच्याही. माणसं मरायला लागली तेव्हा बंदी आली. विकणारे गब्बर होऊन दुसऱ्या धंद्याला लागले आणि गोदामागोदामांत गंजक्या पिंपांतून ते विष तसंच पडून राहिलं. ती पिंपं इथे यायची. पिंपातला माल, पिंप धुतलेलं पाणी, सगळं चुन्याच्या निवळीत मिसळून लोखंडी मनोऱ्यात वरून सोडायचं. मनोऱ्यात हरभऱ्याएवढे खडे भरलेले, खड्यांवर धातूचा पातळ मुलामा. विषाचा कण त्या धातूला टेकला की मधोमध तुटतो. धातू मात्र खर्ची पडत नाही, पुढच्या कणाला मोकळाच.

धाकटीला हे समजावताना बाई एकदा म्हणाली होती, “वाटणी करायला बसलेला मध्यस्थ असतो ना, तसा तो धातू. दोघांना वेगळं करतो आणि स्वतः काही घेत नाही.”

“असा मध्यस्थ मला दाखव,” धाकटी म्हणाली होती, “मी त्याचे पाय धुते.”

आणि विष तुटलं की त्याचा एक तुकडा पाण्याला गर्द पिवळा रंग देतो. तेवढीच खूण. वरून रंगहीन विष जातं, खालून पिवळं पाणी येतं. पिवळं दिसलं म्हणजे कण तुटले. तो पिवळा तुकडाही काही पिण्याची चीज नव्हे, म्हणून पुढे कोळशाच्या टाकीत तो शोषून घ्यायचा आणि मग पाणी सोडायचं, असं नकाशात होतं. नकाशात पुष्कळ असतं. कोळसा आलाच नाही. पिवळं पाणी तसंच नाल्यात जात राहिलं आणि खालच्या वस्तीने कारखान्याच्या नावाने खडे फोडले. धाकटीच्या चादरी पिवळ्या पडल्या. बाईची बोटं, नखं, अ‍ॅप्रनच्या बाह्या तर कायमच्याच पिवळ्या; वस्तीतली पोरं तिला ‘पिवळी’ म्हणायची. ती सगळ्यांना समजावून थकली, की पिवळ्याला नावं ठेवा, वापरू नका, पण घाबरू नका. तो रंग आहे तोवर विष मेलेलं आहे.

आणि आज रंग नव्हता.

मनोऱ्याला बाजूने काचेची एक खिडकी होती. तिने बॅटरी लावून आत पाहिलं. खडे तांबूस चकचकीत असायचे, ते काळे ठिक्कर पडले होते. त्या विषात गंधक असतं. ते धातूवर चढत जातं, आणि एक दिवस धातूला विष टेकतच नाही. मध्यस्थ मेला. पाणी वरून येतं तसं खालून जातं, स्वच्छ, सुंदर, जसंच्या तसं.

तरीही तिने खात्री करून घेतली. कपाटात नव्या खड्यांचा नमुना होता. त्यातले मूठभर खडे तिने काचेच्या भांड्यात टाकले, वरून नाल्याच्या तोंडाचं ते आरस्पानी पाणी ओतलं, भांडं गरम तव्यावर ठेवलं आणि समोर स्टूल घेऊन बसली. मनातल्या मनात म्हणत होती, नको होऊस पिवळं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्या रंगाला येऊ नको म्हटलं असेल. आधी खड्यांभोवती जराशी झाक आली. मग ती झाक वर चढली. चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात भांडं पिवळं धमक झालं.

म्हणजे नाल्यात इतके दिवस विष चाललं होतं, आणि धाकटी त्यात उभी राहून चादरी धूत होती.

ती भांडं फडक्यात धरून साहेबांच्या खोलीत गेली. साहेब आरशासमोर टाय बांधत होते. हा माणूस काही बाहेरून आलेला कारकुनी साहेब नव्हता. मनोरा बाईने आणि साहेबांनी मिळून उभा केला होता. पहिल्यांदा खालून पिवळी धार आली त्या दिवशी याच माणसाने आनंदाने गरम पाइपाला हात लावून तळवा भाजून घेतला होता, आणि फोड आलेल्या हाताने सगळ्यांना चहा ओतत म्हणाला होता की आज शांत झोप लागेल. बाईला ते आठवलं आणि राग आणखीच चढला.

तिने भांडं टेबलावर ठेवलं. साहेबांनी आरशातूनच ते पाहिलं. वळले नाहीत.

“खडे मेलेत,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

तिला वाटलं होतं ते दचकतील, विचारतील, धावतील. ती ज्या वाक्यांची तयारी करून आली होती ती सगळी वाया गेली.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. ते शांतपणे समजावत गेले. नवे खडे मागवलेत, पण वरून मंजुरी यायची आहे. मनोरा बंद ठेवावा तर पिंपांचा ढीग वाढतो, ढीग वाढला की वरचे विचारतात. आणि गंमत अशी की तक्रारी थांबल्या. पिवळं होतं तेव्हा रोज कुणी ना कुणी फाटकावर. आता तपासनीस आला, बाटली भरून नेली, शेरा आला उत्तम. स्वच्छ पाण्याचा मान आपल्या कारखान्याला मिळतोय आज.

“तपासनिसाने विष तपासलं नाही?”

“रंग तपासला, वास तपासला, गाळ तपासला. हे विष त्यांच्या यादीत नाही.”

“का नाही?”

“कारण त्यावर बंदी आहे,” साहेब म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना स्वतःलाच जरा हसू आलं. “जे कुणी वापरतच नाही ते पाण्यात येईल कुठून? म्हणून ते यादीतून काढलंय.”

“मग आपण इथे काय मोडतोय? हवा?”

“हे बघ, तू शिकलेली आहेस, मी शिकलेला आहे. मला काय कळत नाही का? संध्याकाळपर्यंत दम धर. पाहुणे गेले की मी स्वतः मनोरा बंद करतो.”

“तुम्हाला कळत नसतं ना,” बाई म्हणाली, “तर मी तुम्हाला शिकवलं असतं. कळतंय, त्याला काय करू?”

त्यांनी भांड्यावर रुमाल टाकला. बाहेर पडताना तिने पाहिलं, दारात शिपाई दोन जग घेऊन उभा होता, दोन्ही काचेचे, दोन्हींत पाणी, आणि साहेब त्याला आतूनच बजावत होते: निळ्या झाकणाचा जग पाहुण्यांना दाखवायचा, फोटोत तोच येईल. पांढऱ्या झाकणाचा प्यायचा. गल्लत झाली तर उद्यापासून घरी बसायचं. शिपाई हो हो करत होता. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठ्या लोकांचं पाणी वेगळंच असतं, एवढं त्याला आयुष्याने शिकवलं होतं.

बाई फाटकाबाहेर पडली ती धावतच.

नाला कारखान्याच्या कुंपणाला वळसा घालून खाली वस्तीकडे उतरतो. धाकटीची लॉन्ड्री त्याच उतारावर: पत्र्याची शेड, पुढे सिमेंटचा कट्टा, कट्ट्याला लागून नाला अडवून केलेला हौद. वस्तीतल्या दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं धाकटीकडेच यायचं. दोरीवर चादरी फडफडत होत्या, डोळे दिपतील अशा पांढऱ्या. धाकटी हौदात गुडघाभर पाण्यात उभी राहून एक चादर आपटत होती. धाकटीचा नवरा शेडमध्ये इस्त्री करत होता.

“या, पिवळ्या मावशी,” तो म्हणाला. “आज तुमचा सत्कार ना? आम्हाला आमंत्रण नाही ते नाही, निदान तुमचे कपडे तरी इस्त्रीला द्यायचे होते.”

“तिला पाण्यातून बाहेर काढ आधी.”

धाकटी चादर पिळता पिळता थांबली. “आली का शुभवार्ता घेऊन. काय झालं आता?”

बाईने धापा टाकत सांगितलं. मनोरा मेलाय, हे पाणी म्हणजे विष आहे, बाहेर ये. धाकटीने तिच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि हातातल्या चादरीसकट कमरेवर हात ठेवले. धाकटी कमरेवर हात ठेवते तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं.

“पाणी पिवळं होतं तेव्हा सांगत होतीस घाबरू नका. माझ्या चादरी नासल्या, गिऱ्हाईक तोंडावर चादर फेकून गेलं, तरी तू म्हणत होतीस विष मेलंय. आता देवासारखं पाणी आलंय तर म्हणतेस विष. ताई, तुझ्या कारखान्याला माझी लॉन्ड्री खुपते का ग?”

“मी खरंच सांगत होते. तेव्हाही आणि आताही.”

“मग एकदा तरी सोपं खरं सांगत जा की. आमच्यासारख्याला कळेल असं.”

आंधळ्यालाही कळावी अशी गोष्ट उलटीच होऊन बसली होती. घाण दिसेल ते टाकावं, निर्मळ दिसेल ते घ्यावं, हे माणसाला आईच्या मांडीवर कळतं. त्यावर भरवसा ठेवला म्हणून धाकटीला दोष द्यायचा तर जगात शहाणा कोण उरला?

बाई बोलणं सोडून सरळ कट्ट्यावरून हौदाकडे वाकली, बहिणीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. धाकटी ओरडली, पोरीसारखी काय धरतेस. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. उजवी पापणी आपोआप फडफडत होती. कपाळावर, ओठावर घाम.

“तुला अंधुक दिसतं का?”

धाकटीने मनगटाने डोळा पुसला. मग म्हणाली की हो, चार दिवस झाले, भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. चष्मा लागला असेल. तोंडाला सारखं पाणी सुटतं, मळमळतं. नवरा तर चिडवतोय की या वयात आता पाळणा हलवायचा का. ती हसायला गेली आणि हसता हसता तिच्या हातातून चादर सुटली. उचलायला वाकली, आणि हौदातच बसली.

मग सगळं एकदम झालं. दोघांनी तिला ओढून कट्ट्यावर घेतलं. बाईने तिचे कपडे कापून काढले, टँकरच्या उरलेल्या पाण्याने आणि साबणाने तिला डोक्यापासून पायापर्यंत खसाखसा धुतलं, जशी लहानपणी धूत असे. धाकटीच्या नवऱ्याने घाईने हातगाडी आणली. गाडीत धुतलेल्या चादरींची चळत होती. त्यावरच तो तिला ठेवायला निघाला.

“त्यावर नको,” बाई म्हणाली. “फेक त्या.”

त्याने दोघी बहिणींकडे पाहिलं आणि आपल्या बायकोच्या कष्टाची सगळी चळत मातीत ढकलली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, पण कामाचा. बाहुल्या पाहिल्याबरोबर त्याने काय घेतलं हे विचारलं नाही, किती घेतलं हे विचारलं. त्याला वाटलं, नेहमीची गोष्ट, घरात भांडण, बाटली. बाईने विषाचं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ते तर बंद झालंय ना? बाई म्हणाली, हो, म्हणूनच. त्याने पुढे वाद घातला नाही. उताऱ्याचं इंजेक्शन भरायला घेतलं आणि नर्सला सांगितलं, पहिल्या खाटेवर घ्या.

नर्सने धाकटीला खाटेवर झोपवलं. पांढरीशुभ्र चादर, कडक इस्त्रीची, कोपरे नीट दुमडलेले. कोपऱ्यावर लाल दोऱ्याने घातलेली फुली. धाकटीच्या लॉन्ड्रीची खूण.

बाईला ती फुली दिसली. तिने वॉर्डात नजर फिरवली. ओळीने खाटा. प्रत्येक खाटेवर कुणीतरी, आणि प्रत्येकाखाली लाल फुलीची चादर.

“चादरी काढा,” ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तेव्हा तिने स्वतःच बहिणीच्या अंगाखालची चादर ओढायला सुरुवात केली. “सगळ्यांच्या काढा. नुसत्या गादीवर झोपवा. सगळ्यांच्या.”

डॉक्टरने सुई हातात धरून तिच्याकडे पाहिलं, मग चादरीकडे, मग खिडकीतून खाली दिसणाऱ्या नाल्याकडे. त्याच्या तोंडून एक शिवी निघाली. डॉक्टर लोक रुग्णासमोर देत नाहीत तसली. मग तो नर्सला म्हणाला, “ऐकलं ना? काढा.” गेले काही दिवस इथल्या रुग्णांना घाम का सुटत होता, बरा होत आलेला माणूस पुन्हा का ओकत होता, ते त्याला आत्ता, त्या एका क्षणात कळलं होतं.

धाकटीचा श्वास जरा सरळ झाला तशी बाई उठली. मेव्हण्याला म्हणाली, हिच्याजवळून हलू नकोस. त्याने विचारलं, तुम्ही कुठे निघालात? ती म्हणाली, सत्काराला.

मांडवात भाषण सुरू होतं. प्रमुख पाहुणे निळ्या झाकणाच्या जगातल्या पाण्याचा पेला नाकासमोर धरून उभे होते, फोटोवाला त्यांना जरा वर, जरा वर म्हणत होता. साहेब शेजारी, छातीला फूल. पहिल्या रांगेत कारखान्याचे अधिकारी, इंजिनिअर, तो तपासनीस. मागे पिंपं धुणारे कामगार उभे. बाई ओल्या कपड्यांनी आत आली तशी साहेबांनी हसून हाताने खूण केली, या, या, म्हणजे आता हिचंही नाव घेतो. ती व्यासपीठाकडे वळलीच नाही. आधी मागे गेली आणि शिपायाला आणि पिंपवाल्यांना म्हणाली, मनोऱ्याच्या जिन्यावर जाऊन उभे राहा.

“का हो बाई?”

“तुमच्या पायात चपला आहेत. त्यांच्या पायात बूट आहेत.”

मग ती मनोऱ्यातून आलेलं पाणी जिथे साठतं त्या शेवटच्या टाकीशी गेली. मांडवाला लागूनच होती ती. पाणी किती स्वच्छ ते पाहुण्यांना दिसावं म्हणून मांडव मुद्दाम तिथे घातला होता, आणि पंपही आज जोरात लावून ठेवला होता. नाल्याकडे जाणाऱ्या झडपेचं चाक तिने दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं. घट्ट बसेपर्यंत फिरवलं. वरून पाणी येत राहिलं, खाली जायला वाट नाही. ते काठापर्यंत चढलं, थरथरलं, आणि काठावरून सांडून शांतपणे मांडवात शिरलं. चांदीसारखं दिसत होतं. त्यात मांडवाचं रंगीत छत दिसत होतं.

पाहुण्यांना काही कळलं नाही. ते बुटाकडे बघून हसले, म्हणाले, वा, पाणी स्वतःच सत्काराला आलं.

पण पहिल्या रांगेतले इंजिनिअर खुर्चीवर चढले. साहेबांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा, मग व्यासपीठाच्या कडेला धरून वर चढू लागले, टायसकट, फुलासकट. अधिकारी एकमेकांना ढकलत मागे सरले. कुणी ओरडलं नाही. माहीत असलेली माणसं अशी मुकाट्याने पळतात. तपासनीस तेवढा जागच्या जागी उभा होता, त्याच्या यादीत काही नव्हतं; आणि मग त्याने खुर्चीवर चढलेल्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि तोही चढला.

जिन्यावरून शिपाई बघत होता. कुणाकुणाचे पाय जमिनीवर आहेत आणि कुणाकुणाचे नाहीत, ते तो बघत होता. मग त्याने हातातला पांढऱ्या झाकणाचा जग खाली ठेवला.

“साहेब,” बाई चाकाला धरून म्हणाली, फार मोठ्याने नाही, “पाणी स्वच्छ आहे ना? उतरा की.”

साहेब उतरले नाहीत.

पुढचं सांगायला फार नाही. बाईची नोकरी गेली. आवारात मुद्दाम पाणी सोडून पाहुण्यांना धोका पोहोचवला, असं कारण दिलं. म्हणजे आवारात ते पाणी धोक्याचं होतं आणि नाल्यात नव्हतं. तिने त्या कागदावर बोट ठेवून हेच विचारलं. उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. पण तरुण डॉक्टरने चादरी आणि रुग्णांचं रक्त दोन्ही तपासायला बाहेर पाठवलं होतं, गवगवा झाला, आणि मंजुरीअभावी अडकलेले खडे झटक्यात आले. साहेबांची वरच्या जागी बदली झाली. मान मिळाल्याचा फोटो कार्यालयात अजून टांगलेला आहे: पाहुणे, पेला, आणि पेल्यात ते पाणी. कोळशाच्या टाकीत मांजरीने पिल्लं घातली.

धाकटी जगली. तिचे हात मात्र पुन्हा पहिल्यासारखे झाले नाहीत. सतत थरथरतात, कप धरला तर चहा बशीत. इस्त्री नाही, आपटणं नाही. लॉन्ड्री तिचा नवरा चालवतो, टँकरच्या पाण्यावर, रडतखडत. पण रोज सकाळी उजाडलं की ती नाल्याच्या तोंडाशी जाते, कुंपणाबाहेर जिथे पाइप पाणी सोडतो तिथे. बरोबर जुन्या चादरीची फाडलेली एक पांढरी पट्टी. ती पाइपाच्या कडीला बांधते आणि पट्टी धारेत सोडते. मग दगडावर बसून राहते. वस्तीतल्या बायका लांब थांबतात. पाणी आता कुणी घरात नेत नाही, पण काठाने जायचं तरी असतं, गुरं असतात, पोरं असतात. त्या सगळ्यांना धाकटीने एकच गोष्ट सांगून ठेवली आहे, ताईला कधी जमली नाही तशी सोपी: पट्टी पिवळी झाली तर हात लावू नका. पांढरीच राहिली तर पळा.

एक दिवस बाईही तिच्याबरोबर गेली होती. धाकटी वाकली, पट्टी कडीतून ओवली आणि गाठ मारायला लागली. एक टोक सापडलं की दुसरं बोटांतून निसटायचं. पुन्हा. पुन्हा. बाईचा हात आपोआप पुढे झाला.

“बस तू,” धाकटी म्हणाली. “मी बांधते.”

बाई बसली. आपली पिवळी बोटं तिने मांडीवर ठेवली आणि बघत राहिली. बऱ्याच वेळाने गाठ बसली. धाकटीने ती एकदा ओढून पाहिली, मग पट्टी पाण्यात सोडली आणि येऊन बहिणीच्या शेजारी दगडावर टेकली. पट्टी धारेत वळवळत होती, पांढरी. मग तिच्या टोकाला जरासा रंग चढला.